अध्वा आणि चंक्रमण

या चातुर्मासात आमच्या फडावरील माळकऱ्यांकडून एकच शंका तीन-चार वेळा आली, म्हणून तिचा विचार येथे करीत आहोत. शंका अशी : कर्करोग झाला आहे, औषधोपचार चालू आहे, अशा माणसाने चालावे की पडून राहावे? आणि चालावे तर वारीचे काय?

ही शंका विचारणाऱ्यास घरात दोन उत्तरे आधीच मिळालेली असतात. मुलगा-सून म्हणतात, “आता तुम्ही पलंगावरून हलायचं नाही.” दिंडीतला सोबती म्हणतो, “अहो, माउली नेईल, तुम्ही चला तर खरं!” दोघांचेही प्रेम खरे आहे, पण दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. ती का, हे पाहण्यासाठी आधी शब्दांपाशी थांबले पाहिजे.

मराठीत आपण सरसकट ‘चालणे’ म्हणतो. सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानात त्याचे भेद केले आहेत. ‘अध्वा’ म्हणजे वाट तुडवणे, मजल मारणे. त्याने कफ आणि स्थूलपणा झडतो, तशीच अंगाची कांती आणि सुकुमारताही जाते. तोच अध्वा प्रमाणाबाहेर गेला की तो अकाली म्हातारपण आणि दुबळेपणा आणतो. याहून वेगळे ते ‘चंक्रमण’. देहास फार पीडा होणार नाही असे हिंडणे-फिरणे, हा त्याचा अर्थ. अशा चालण्याने आयुष्य, बळ, बुद्धी आणि जठराग्नी वाढतात व इंद्रिये जागी होतात, असे आचार्यांचे म्हणणे आहे. इंद्रिये जागी होतात, हे पद वाचकांनी ध्यानात ठेवावे. त्याकडे पुढे यावयाचे आहे.

आता आपल्या आषाढी वारीत या दोहोंपैकी काय आहे? आळंदी ते पंढरपूर हा सरळ सरळ अध्वा आहे. पुण्याहून सासवडची मजल तर सर्वांत लांब, आणि तिच्यातच दिवेघाट. धडधाकट गडी तेथे कमरेवर हात ठेवतो. म्हणून शंकेचे उत्तर अर्धे येथेच मिळते : औषध चालू असलेल्या माणसास अध्वा वर्ज्य, चंक्रमण विहित. पलंगावर ठेवणाऱ्या मुलाने दुसरा शब्द ऐकला नाही, आणि घाट चढवणाऱ्या सोबत्याने पहिला.

कोणी म्हणेल, बुवा, सुश्रुताच्या काळी हा रोग तरी होता काय? ग्रंथात ‘अर्बुद’ या नावाने न पिकणारी, हळूहळू वाढणारी, खोल मूळ धरणारी गाठ वर्णिली आहे. आजच्या कर्करोगाचे शेकड्याने प्रकार आहेत. ते सारे एका शब्दात बसवण्याचा हट्ट आम्ही धरणार नाही. पण चालण्याविषयी आजचे वैद्यक कोठे येऊन पोहोचले, हे पाहिले तर नवल वाटते.

पूर्वी डॉक्टरदेखील अशा रोग्यास ‘विश्रांती घ्या’ असेच सांगत. आता तसे सांगत नाहीत. या रोगातला थकवा झोपेने जात नाही. रोग, रक्तातली घट, तीव्र औषधे यांनी तो येतो. माणूस पडून राहतो. पडून राहिल्याने मांड्या-पिंढऱ्यांचे मांस उतरते. मांस उतरले की न्हाणीघरापर्यंत जाणेही जड होते. मग तो अधिकच पडून राहतो. हे रहाटगाडगे चालण्यानेच उलटे फिरवता येते. २०१९ साली या विषयातील अनेक देशांच्या तज्ज्ञांनी मिळून सांगितले की आठवड्यातून तीन वेळा, अर्धा-अर्धा तास, मध्यम गतीने केलेल्या व्यायामाने थकवा, चिंता व खिन्नता कमी होते.

२०२५ साली त्याहून मोठी गोष्ट प्रसिद्ध झाली. मुख्यत्वे कॅनडा व ऑस्ट्रेलिया येथील मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे ८८९ रोगी, शस्त्रक्रिया आणि रसायनोपचार पुरे झाल्यावर, दोन गटांत वाटले गेले. एका गटास आरोग्याची माहितीपुस्तके दिली. दुसऱ्यास तीच पुस्तके देऊन शिवाय तीन वर्षे शिक्षकाच्या देखरेखीखाली व्यायाम करविला. व्यायाम कोणता? जो ज्यास रुचेल तो, आणि झपाझपा चालणे त्यास पुरेसे होते. आठ वर्षांनी पाहता, पुस्तके मिळालेल्यांत शंभरांपैकी सुमारे त्र्याऐंशी हयात होते; व्यायाम करणाऱ्यांत नव्वद. स्नायू-सांध्यांची दुखणी मात्र व्यायाम करणाऱ्यांत काहीशी अधिक झाली, हेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदविले आहे. ही गोष्ट एका प्रकारच्या कर्करोगाची आणि उपचार संपल्यानंतरची आहे. तिच्यावरून ‘औषध सोडा, चाला’ असे जो काढील, त्याने लोकांचा जीव धोक्यात घातला असे समजावे. असे सांगणारे मंडपात भेटतात, म्हणून हे स्पष्ट लिहिले.

आम्हांसही हा रोग २०२२ साली जडला, तोही आतड्याचाच. शस्त्रक्रिया झाली, सहा महिने सलाईनमधून औषध चालले. चंक्रमण म्हणजे नेमके किती, हा प्रश्न तेव्हा आम्हांस पुस्तकातला राहिला नाही.

माप सुश्रुतानेच दिले आहे : अर्ध्या बळाने. आणि अर्धे बळ संपले हे ओळखावयाचे कसे, तर छातीतला वारा तोंडाशी येऊ लागला, तोंडाने श्वास घ्यावा लागला, की समजावे. आजचे डॉक्टरही अशीच खूण सांगतात : चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये. आपण तिला वारकरी रूप देऊ. चालता चालता हरिपाठ सावकाश म्हणता आला तर गती ठीक. टाळ घेऊन चढ्या सुरात अभंग म्हणता येत असेल तर गती वाढविण्यास हरकत नाही. आणि रामकृष्णहरि म्हणतानाच धाप लागली तर जवळच्या पारावर बसावे. आम्ही पहिल्या आठवड्यात घरापासून मारुतीच्या देवळापर्यंत गेलो, म्हणजे तीनशे पावले, आणि देवळाच्या पायरीवर बसून परत आलो. महिन्याने नदीपर्यंत. औषध घेतल्यानंतरचे चार दिवस पुन्हा मारुतीच. पुढे गेलेले पाऊल मागे घ्यावे लागते, याचे वाईट वाटून घेऊ नये. पावलीत दुसरे काय करतो आपण?

आता त्या पदाकडे वळू. इंद्रिये जागी होतात, म्हणजे काय? या औषधांनी तोंडाची चव जाते, वासाने मळमळते, आणि दवाखान्याच्या खोलीत महिने काढून डोळ्यांस भिंतच दिसत राहते. आपला रोग, आपला रिपोर्ट, पुढची तारीख, याखेरीज मनास विषय उरत नाही. बाहेर पडले की विषय बदलतात. पहाटे नदीकाठच्या बाभळीवर खंड्या बसलेला असतो. तो पाण्यात सूर मारून वर येईपर्यंत माणूस स्वतःस विसरतो. बाजरी निसवली की नाही, करंजाला नवी पालवी केव्हा आली, कोणाच्या मोटेच्या जागी आता पंप बसला आहे, हे रोज पाहिले म्हणजे उद्या पाहावयास काही शिल्लक राहते. तुकोबाराय भंडाऱ्याच्या, भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन बसत, ते काही वैद्याच्या आज्ञेने नव्हे. ज्यांच्या अंगात बळ आले आहे त्यांनी देहूजवळचा भंडारा डोंगर थंडीच्या दिवसांत सकाळी अवश्य चढावा, थांबत थांबत. वरून इंद्रायणीचे खोरे दिसते. ज्यांना तेवढे बळ नाही त्यांनी आळंदीत सिद्धबेटात झाडांखाली फिरावे. आम्हांस ते फार आवडते. गर्दीच्या दिवशी मात्र नको.

ऋतूचाही विचार आहे. वाग्भटाने अर्ध्या बळाचा व्यायाम थंडीत आणि वसंतात सांगितला, इतर ऋतूंत त्याहूनही कमी. आषाढी भर पावसात येते. चिखल, ओली पादत्राणे, मुक्कामी दमट राहुटी. माघी वारी शिशिरात, कोरड्या रस्त्याने. औषध नुकतेच संपलेल्या माणसाने पुन्हा वाटेला लागताना माघीचा विचार आधी करावा. यास एक अपवाद आहे. ऑक्सॅलिप्लॅटिन नावाचे औषध ज्यांस चालू आहे, त्यांस थंडीच सोसत नाही. गार वारा लागला की बोटांस झिणझिण्या आणि घशात आवळल्यासारखे होते. त्यांनी हातमोजे, मफलर घालावे आणि ऊन वर आल्यावर निघावे.

पायांविषयी थोडे अधिक सांगतो, कारण वारकऱ्याचे भांडवल तेच. या औषधांपैकी काहींनी तळव्यांची जाणीव बोथट होते. काटा मोडला, फोड फुटला, तरी कळत नाही. अनवाणी चालण्याचा ज्यांचा नेम आहे त्यांनी तो उपचार संपेपर्यंत देवापाशी ठेवावा. बंद, मऊ पादत्राण, कोरडे मोजे, आणि रात्री झोपताना तळवे डोळ्यांनी पाहणे. स्वतःस दिसत नसतील तर नातवास सांगावे.

ज्या मायबहिणींची स्तनाची शस्त्रक्रिया झाली आणि काखेतल्या गाठी काढल्या, त्यांच्या त्या बाजूच्या हातास सूज येण्याचा संभव असतो. डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन तासन्‌तास हात वर धरणे त्यांनी एकदम सुरू करू नये. डॉक्टरांस विचारून, थोडे थोडे वाढवीत, पाळीपाळीने घ्यावे. पोटावर पिशवी बसविलेली माणसेही चालू शकतात, चालतातही. त्यांनी जड गाठोडे उचलू नये आणि पिशवीचे सामान दिंडीच्या ट्रकमध्ये न टाकता स्वतःच्या झोळीत ठेवावे. हाडांत रोग उतरला असेल किंवा पाठीत नवीन दुखू लागले असेल, तर डॉक्टरांनी पाहिल्याखेरीज पाऊल टाकू नये. रक्तातल्या चिकट कणिका उतरल्या असतील तर पडणे-धडपडणे फार महाग पडते.

सर्वांत मोठे भय तापाचे. औषध दिल्यावर, बहुधा दुसऱ्या आठवड्यात, पांढऱ्या पेशी खाली जातात. त्या दिवसांत गर्दी टाळावी, टँकरचे न उकळलेले पाणी पिऊ नये. आणि अंगात १००.४ च्या वर ताप दिसला तर ‘सकाळी पाहू’ न म्हणता त्याच घटकेस दवाखाना गाठावा. अंगारा लावावयाचा तर गाडीत बसून लावावा.

मग चंद्रभागेचे स्नान? एकादशी? येथे माणसे फार अडखळतात, म्हणून शास्त्र सांगतो. धर्मशास्त्रात स्नाने सात सांगितली आहेत. पाण्यात बुडणे हे त्यांतले एक; मंत्राने, भस्माने, गाईच्या खुरांच्या धुळीने, तसेच केवळ भगवंताच्या चिंतनाने होणारे मानसस्नानही त्यांतच येते. आजाऱ्याने वाळवंटात दुरून हात जोडावे, स्नान झाले. महाभारतात व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टी दिल्या आहेत : पाणी, कंद, फळ, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचे वचन आणि औषध. गोळी अन्नाबरोबर घ्यावयाची असेल तर ते अन्न औषधाचे अंग झाले. एकादशीस निरंकार राहून दुसऱ्या दिवशी रक्त तपासणीत घसरण दाखविणाऱ्या माणसास आम्ही व्रतस्थ म्हणणार नाही. दर्शनाची रांगही तशीच. मुखदर्शन घ्यावे; तेही न जमले तर कळस आहेच.

तरीही एक जण आम्हांस म्हणाला, “पंचवीस वर्षं न चुकलेली वारी. आता अर्ध्यात गाडीत बसायचं, तर ती वारी कसली?” त्याच्या डोळ्यांत पाणी होते. त्यास आम्ही कूर्मदासाची आठवण दिली. पैठणचा कूर्मदास, हातपाय नसलेला. पंढरीस निघाला तो सरपटत, दिवसाकाठी जे थोडे अंतर होईल तेवढे. माढे तालुक्यातल्या लऊळ गावापर्यंत पोहोचला आणि पुढे देह चालेना. परंपरा सांगते की पांडुरंग तेथे त्याच्याकडे आला. आज लऊळास त्याचे देऊळ आहे. तो पंढरीस पोहोचला नाही. आणि तरी सातशे वर्षांत कोणा वारकऱ्याने त्याची वारी अपुरी राहिली असे म्हटलेले आम्ही ऐकले नाही. आम्हांस या कथेतले लऊळच महत्त्वाचे वाटते. तो तेथे थांबला, फिरला नाही, आणि शक्ती नसताना पुढे चालण्याचा अट्टहासही त्याने केला नाही.

तो गृहस्थ या आषाढीस आमच्या दिंडीत होता. डॉक्टरांची परवानगी घेऊन, औषधाच्या दोन खेपांच्या मधला बरा आठवडा निवडून तो वेळापूरास गाडीने आला. तेथून पुढे रोज सकाळी विसाव्यापर्यंत तासभर चालणे, मग गाडी. ठाकूरबुवांच्या समाधीपाशी रिंगण त्याने कडेला खुर्चीवर बसून पाहिले, आणि अश्व गेल्यावर टापांची माती मात्र स्वतः वाकून उचलली. वाखरीहून शेवटची मजल त्याने तीन ठिकाणी बसून पुरी केली. शेजारी वीणेकऱ्याचा मुलगा पाण्याची बाटली घेऊन चालत होता.

पुढील वर्षापासून ही सोय आम्ही दिंडीत कायम ठेवणार आहोत. आजारी वारकऱ्यामागे एक तरणा सोबती. मागे चालणारी एक रिकामी जीप, सामान भरावयाची नव्हे. पिण्याचे उकळलेले पाणी वेगळ्या पिंपात. नाव नोंदविताना डॉक्टरांची चिठ्ठी आणावी. आणि बंडीच्या आतल्या खिशात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, एक कागद ठेवावा : रोगाचे नाव, चालू औषधे, शेवटची खेप कोणत्या तारखेस झाली ती, आणि दवाखान्याचा व घरचा फोन नंबर. अक्षर मोठे काढावे. पावसात, बॅटरीच्या उजेडात वाचावे लागते.