हापूस बागायतदाराचे संकेतस्थळ : शोधयंत्राच्या यादीत नाव कसे येते?

रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील हापूस आंब्याच्या बागायतदारांत आपला माल दलालामार्फत वाशीच्या बाजारात पाठविण्याऐवजी थेट गिऱ्हाइकास विकण्याची प्रवृत्ती वाढत आहे. त्याकरिता अनेकांनी पदरचे पैसे खर्चून स्वतःची संकेतस्थळे, ज्यांस व्यवहारात वेबसाईट म्हणतात ती, तयार करवून घेतली आहेत. परंतु संकेतस्थळ तयार झाले म्हणजे गिऱ्हाईक आपोआप येऊ लागते, अशी जी समजूत आढळते ती बरोबर नव्हे. पुण्यातील एखादी गृहिणी मोबाईलवर 'देवगड हापूस घरपोच' असे शब्द लिहिते, तेव्हा तिच्यापुढे जी यादी येते तीत बागायतदाराचे नाव नसेल, तर ते संकेतस्थळ तिच्या दृष्टीने नसल्यातच जमा आहे. अशा वेळी माल पुन्हा दलालाकडेच जातो आणि संकेतस्थळावरील खर्च अंगावर पडतो. यादीत नाव येण्यासाठी जी मशागत करावी लागते, तिची प्राथमिक माहिती येथे देण्याचे योजिले आहे. हळद, गूळ, बेदाणा किंवा तांदूळ विकणाऱ्या शेतकरी उत्पादक कंपन्यांना व बचत गटांनाही ती लागू पडेल.

शोधयंत्राच्या कामाची रीत

शोधयंत्रे अनेक आहेत. त्यांपैकी गूगलचा वापर आपल्याकडे सर्वांत अधिक होतो. लॅरी पेज व सर्गेई ब्रिन या अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या दोघा विद्यार्थ्यांनी 1998 साली ही कंपनी स्थापन केली. एका पानाकडे दुसऱ्या पानांवरून किती व कशा प्रकारचे दुवे, म्हणजे लिंका, येतात यावरून त्या पानाचे महत्त्व ठरवावयाचे, ही त्यांची मूळ कल्पना होय. पुढे तीत इतर अनेक कसोट्यांची भर पडली असली, तरी कामाची रीत मुख्यत्वे तीच आहे. यंत्राचा एक भाग या पानावरून त्या पानावर दुव्यांच्या वाटेने अखंड फिरत असतो. जी पाने त्यास सापडतात त्यांतील मजकूर वाचून तो एका प्रचंड सूचीत नोंदविला जातो. जाड ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते, तसाच हा प्रकार. गिऱ्हाईक प्रश्न विचारते तेव्हा यंत्र जगभर शोध घेण्यास निघत नाही, ते या सूचीत पाहते आणि योग्य वाटतील ती पाने क्रमवार पुढे ठेवते.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, जे पान सूचीत नाही ते उत्तरातही नाही. दुसरी अशी की, सूचीत नोंद होण्यासाठी गूगल कोणाकडूनही फी घेत नाही. निकालाच्या यादीत 'प्रायोजित' असा शब्द ज्यावर असतो त्या जाहिराती होत. त्यांचे पैसे द्यावे लागतात, पण जाहिरातीचे पैसे भरल्याने खालील मूळ यादीतील क्रम वर चढत नाही.

आपले संकेतस्थळ सूचीत आहे किंवा नाही, हे कोणासही घरबसल्या पाहता येते. शोधाच्या चौकटीत रोमन अक्षरांत 'साईट' हा शब्द लिहावा, त्यास लागून कोलनची दोन टिंबे द्यावीत आणि जागा न सोडता पुढे आपल्या संकेतस्थळाचा पत्ता लिहावा. पाने दिसली तर नोंद झाली आहे असे समजावे. काहीच न दिसल्यास बहुधा पुढीलपैकी एक कारण असते. वर्डप्रेस या प्रणालीत शोधयंत्रांनी हे स्थळ नोंदवू नये अशा अर्थाची एक चौकट असते. काम अपुरे असताना कारागीर तीत खूण करून ठेवतो आणि काम संपल्यावर ती काढावयाची विसरतो. एवढ्याशा खुणेपायी सारा मोसम हातचा जाऊ शकतो. दुसरे कारण म्हणजे त्या संकेतस्थळाकडे येणारा दुवाच कोठे नसणे. यावर उपाय म्हणून गूगलच्या 'सर्च कन्सोल' या मोफत सेवेत आपले संकेतस्थळ स्वतःच्या नावाने नोंदवावे व सर्व पानांची यादी, जीस साईटमॅप म्हणतात, ती तेथे सादर करावी.

यंत्रास वाचता येईल असा मजकूर

मराठी संकेतस्थळांच्या बाबतीत एक विशेष अडचण आहे. छापखान्यात वर्षानुवर्षे वापरात असलेल्या श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी यांसारख्या जुन्या फाँटांत टंकलेला मजकूर डोळ्यांना देवनागरी दिसतो, परंतु संगणकात तो रोमन अक्षरांच्या व चिन्हांच्या गोंधळाच्या रूपाने साठविलेला असतो. 'हापूस' हा शब्द त्यात यंत्रास सापडतच नाही. सबब माहितीपत्रकासाठी केलेला मजकूर जसाच्या तसा संकेतस्थळावर चढवू नये. तो युनिकोडमध्ये रूपांतरित करून व डोळ्यांखालून घालून मगच वापरावा. मोबाईलवर मराठीत जे टंकले जाते ते युनिकोडच असते.

दुसरी चूक याहूनही सर्रास आढळते. भाव, पेटीची माहिती, पत्ता असे सर्व काही रंगीत चित्रात रचून तेच एक चित्र पानावर लावले जाते. व्हॉट्सॲपवर पाठविण्यास ते ठीक असले, तरी चित्रातील अक्षरे हा शोधयंत्राच्या दृष्टीने भरवशाचा मजकूर नव्हे. जे सांगावयाचे ते अक्षरांत लिहावे व चित्र केवळ जोडीस द्यावे. प्रत्येक चित्रास वर्णनाची एक ओळ जोडण्याची सोय असते. तेथे 'अढीत घातलेला हापूस' असे साधे वर्णन लिहावे. मोबाईलवर काढलेले छायाचित्र चार-पाच एमबीचेही असू शकते. अशी दहा चित्रे एका पानावर लावल्यास पान उघडण्यास इतका वेळ लागतो की, गिऱ्हाईक कंटाळून निघून जाते. चित्र लहान करून दीड-दोनशे केबीपर्यंत आणणे सहज शक्य असते. तसेच गूगलने 2023 पासून पानांची मोबाईलवर दिसणारी आवृत्तीच नोंदीसाठी आधारभूत धरली आहे. सबब आपले पान मोठ्या पडद्यावर कसे दिसते यापेक्षा ते साध्या मोबाईलवर नीट वाचता येते काय, हे आधी पाहावे.

गिऱ्हाइकाचे शब्द

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. गिऱ्हाईक ज्या शब्दांनी शोध घेते ते शब्द पानावर असावयास हवेत. नुसत्या 'आंबा' किंवा 'हापूस' या शब्दांसाठी मोठमोठ्या कंपन्यांशी स्पर्धा असते. तीत नवख्या बागायतदाराने उतरण्यात फायदा नाही. परंतु 'देवगड हापूस पाच डझनांची पेटी पुणे' असा नेमका शोध घेणारे गिऱ्हाईक थोडे असले तरी खरेदीच्या तयारीने आलेले असते, आणि तेथे स्पर्धाही कमी असते. लहान बागायतदाराने आपली सारी शक्ती अशा नेमक्या शब्दांवर खर्चावी, हेच शहाणपणाचे ठरते.

हे शब्द शोधण्यासाठी कोणतेही महाग साधन विकत घेण्याची गरज नाही. बागायतदाराच्या मोबाईलवर दर मोसमात गिऱ्हाइकांचे शेकडो निरोप येतात. पेटी किती डझनांची? फळाचे वजन किती? आंबा अढीत किती दिवसांत पिकतो? कार्बाईड वापरता काय? साका निघाल्यास फळ बदलून मिळते काय? मोसम संपला की हे निरोप पुसले जातात, आणि त्यांबरोबर बी-बियाण्याइतकी मोलाची माहिती वाया जाते. ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी बागायतदाराजवळ बसून असे दहा-पंधरा प्रश्न उतरवून घ्यावेत आणि प्रत्येकाचे उत्तर त्याच्याच तोंडून घेऊन लिहावे. फळ चौदा आणे तयार झाल्यावर नूतन झेल्याने देठासह कसे उतरवितात, पेंढ्याची अढी कशी घालतात, फळ कापेपर्यंत साका बाहेरून का ओळखता येत नाही, फळे पिकविण्यासाठी कॅल्शियम कार्बाईड वापरण्यास कायद्याने मनाई आहे, ही माहिती बागायतदारास तोंडपाठ असते. परंतु त्याच्या संकेतस्थळावर ती अभावानेच आढळते. तेथे आढळतो तो 'फळांचा राजा हापूस' अशा थाटाचा, दहा ठिकाणांहून उचललेला मजकूर. एकच परिच्छेद अनेक संकेतस्थळांवर असेल, तर यंत्र त्यांपैकी बहुधा एकच पान पुढे करते, आणि ते नव्याचे असण्याचा संभव फारच कमी.

प्रत्येक पानास एक शीर्षक असते व निकालाच्या यादीत तेच ठळक अक्षरांत दिसते. अनेक संकेतस्थळांवर त्या जागी 'मुखपृष्ठ' अथवा 'आपले स्वागत आहे' असे शब्द असतात; त्यांवरून ना यंत्रास काही कळते, ना गिऱ्हाइकास. 'देवगड हापूस : बागेतून पुणे-मुंबईस घरपोच' असे आटोपशीर शीर्षक द्यावे, फार लांब शीर्षक यादीत कापले जाते. शीर्षकाखाली दिसणाऱ्या दोन ओळींच्या वर्णनाने क्रम सुधारत नाही, पण ते वाचून गिऱ्हाईक आत येते, म्हणून तेही स्वतः लिहावे. भाव, अढी, पाठवणी अशा प्रत्येक मोठ्या विषयास स्वतंत्र पान द्यावे व त्या पानांना परस्परांशी दुव्यांनी जोडावे. मराठी व इंग्रजी मजकूर एकाच पानावर न कालविता दोन्ही भाषांची पाने वेगळी ठेवावीत. 'अल्फान्सो' या नावाने शोधणारे गिऱ्हाईक इंग्रजी पानावर येईल.

गावाचे नाव स्पष्ट लिहिण्यास संकोच करू नये. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या पाच जिल्ह्यांतील हापूसास 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ज्या बागायतदाराने त्याचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केली आहे त्याने आपला नोंदणी क्रमांक पानावर द्यावा. यंत्र त्यास अधिक गुण देईल असे नव्हे. परप्रांतातील आंबा देवगडच्या नावाने खपविला जात असताना गिऱ्हाइकास तो भरवशाचा वाटतो. गूगलच्या नकाशावर विक्रीस्थळाची मोफत नोंद करून घेणे हेही मोसमात कोकणात येणाऱ्या प्रवाशांच्या दृष्टीने लाभदायक ठरते.

भुलविणाऱ्या योजना

'आठ दिवसांत पहिला क्रमांक मिळवून देतो' असे सांगून आगाऊ रक्कम मागणारे लोक गावोगाव फोन करीत असतात. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे खुद्द गूगलनेच आपल्या मार्गदर्शनात म्हटले आहे. असे लोक जे उपाय करतात त्यांपैकी बरेचसे निरुपयोगी असतात व काही घातक असतात. पानाच्या आत दडवून शोधशब्दांची लांबलचक यादी देण्याची एक जुनी पद्धत आहे. क्रम ठरविताना तिचा विचार केला जात नाही, असे गूगलने 2009 सालीच जाहीर केले आहे. एकच शब्द पन्नास वेळा लिहिणे, पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत मजकूर दडविणे, पैसे देऊन शेकडो परक्या संकेतस्थळांवरून दुवे आणणे, हे प्रकार नियमबाह्य असून त्यांमुळे पान यादीतून खाली ढकलले जाते, क्वचित पूर्णपणे काढलेही जाते. विकतच्या दुव्यांविरुद्ध 2012 पासून कडक धोरण अवलंबिले गेले आहे. याउलट तालुक्याच्या बागायतदार संघाच्या, ग्रामपंचायतीच्या किंवा बागेस भेट देऊन गेलेल्या वृत्तपत्राच्या पानावरून आलेला एखादाच दुवा खरा आधार देतो, आणि तो ओळखीने, पैशाविना मिळतो.

याहून गंभीर गोष्ट मालकीची आहे. पुष्कळदा कारागीर संकेतस्थळाचा पत्ता, म्हणजे डोमेन, स्वतःच्याच नावावर घेतो. पुढे बेबनाव झाला की बागायतदाराचे नाव, पाने व यादीतील जागा एकदमच जाते. सबब पत्त्याची नोंद, तिचा परवलीचा शब्द व सर्च कन्सोलचे खाते ही तिन्ही बागायतदाराच्या नावे असल्याखेरीज कामाची शेवटची रक्कम देऊ नये. पत्त्याचे नूतनीकरण ठराविक मुदतीने करावे लागते. ती तारीख पीककर्जाच्या तारखेप्रमाणे भिंतीवर लिहून ठेवावी.

कामाचा हंगाम

नवे पान लिहिल्यापासून ते यादीत योग्य जागी येईपर्यंत कित्येक आठवडे, प्रसंगी काही महिने जातात. मार्चमध्ये पेट्या भरण्याच्या गडबडीत संकेतस्थळ करावयास घेतल्यास त्याचा उपयोग त्या वर्षी फारसा होत नाही. झाडास मोहोर दिसू लागतो त्या सुमारास, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरात, पाने लिहून तयार असावीत. आंबा उतरू लागला की फक्त भाव व पाठवणीच्या तारखा बदलाव्यात. मोसम संपल्यावर पान काढून टाकून पुढील वर्षी नव्या पत्त्यावर नवे पान करण्याची जी पद्धत आहे, ती हापूसचे कलम दर वर्षी उपटून पुन्हा लावण्यासारखी आहे. पानाचा पत्ता तोच ठेवावा आणि त्यावर 'यंदाचा मोसम संपला, पुढील नोंदणी अमुक महिन्यापासून' अशी ओळ घालावी.

2024 पासून गूगलच्या निकालांत कधी कधी सर्वांत वर यंत्राने स्वतः तयार केलेले उत्तर दिसते. ते उत्तरही इतरांच्या पानांवरील मजकुरावरूनच तयार होते, आणि बहुधा त्या पानांचे दुवे त्याच्या जोडीस दिलेले असतात. यामुळे वर सांगितलेल्या कामात फरक पडत नाही.

पावसाला सुरुवात झाली व बागेतील काम थोडे हलके झाले की सर्च कन्सोल उघडून कोणते शब्द लिहून लोक पानापर्यंत आले, किती जणांना पान यादीत दिसले आणि त्यांपैकी किती जण आत आले, हे पाहावे. ज्या शब्दांवर पान पुष्कळांना दिसले पण आत कोणी आले नाही, तेथे शीर्षक व वर्णन बदलावे. ज्या प्रश्नास आपल्याकडे पानच नाही असा शब्द आढळल्यास तो वहीत उतरवून ठेवावा. मोहोर येण्यापूर्वी लिहावयाचे पुढचे पान तेच.