कर्जदाराच्या घराचा पडदा

परवानगी मागून आणि सलाम करून झाल्याशिवाय दुसऱ्याच्या घरात प्रवेश करू नये, अशी आज्ञा दिव्य कुरआनने सूरह नूरच्या २७व्या आयतीत श्रद्धावंतांना दिली आहे. घराचा पडदा राखणे हा घरात राहणाऱ्यांचा हक्क आहे. आज दाराबाहेरून काढलेला एक फोटोदेखील हा पडदा फाडू शकतो.

धुळ्याचे यंत्रमाग असोत वा जळगावचा चटई आणि डाळ उद्योग, काम थंडावले की तेथे राबणाऱ्यांच्या घरकर्जाचे हप्ते थकतात. २००२च्या सरफेसी कायद्यानुसार बँक प्रथम साठ दिवसांची नोटीस देते. पुढे ताब्याची नोटीस दारावर लागते व वृत्तपत्रांत छापली जाते. एवढी प्रसिद्धी कायद्याने आवश्यक मानली आहे. परंतु तीच नोटीस मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरविण्याची गरज कोणती?

“बातमी खरी आहे,” असे समर्थन केले जाते. मात्र पाठीमागे सांगितलेली अप्रिय गोष्ट खरी असेल तर ती गीबत आणि खोटी असेल तर बोहतान, असे आदरणीय पैगंबरांनी (स.) स्पष्ट केले आहे.

“त्याने व्याजाचे कर्ज घेतलेच का?” असेही विचारले जाते. व्याज हराम आहे, यात शंका नाही. तथापि सूरह बकरहमध्ये व्याजाच्या निषेधानंतर लगेच, २८०व्या आयतीत, अडचणीतील कर्जदाराला सवड देण्याची शिकवण आहे. तौबा हा बंदा व अल्लाह यांच्यातील विषय आहे. त्याची बेअब्रू करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

मदत करणाऱ्यांनीही मदतीचे फोटो टाकू नयेत. याच सूरहच्या २७१व्या आयतीत गरजूंना गुप्तपणे देणे अधिक उत्तम म्हटले आहे.

संकटग्रस्त कुटुंबाने नोटीस किंवा खाते क्रमांक समाजमाध्यमांवर टाकू नये. फसवणूक करणारे अशाच माहितीच्या शोधात असतात. साठ दिवसांच्या आत बँकेला लेखी म्हणणे द्यावे. वसुली एजंटांनी कर्जदाराचा चारचौघांत अपमान करणे, नातलग व मित्रांच्या खासगीपणात शिरणे, समाजमाध्यमांतून अनुचित संदेश पाठविणे रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२च्या निर्देशांत निषिद्ध ठरविले आहे. असे घडल्यास बँकेकडे लेखी तक्रार करावी; तीस दिवसांत उत्तर न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे.

जो आपल्या बांधवाचा पडदा राखतो, त्याचा पडदा अल्लाह दोन्ही जगांत राखतो, अशा आशयाची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. अल्लाह आपल्याला तशी सद्बुद्धी देवो. आमीन.