चांदीला न जमलेले काम

आरशात आपले रूप काच दाखवीत नाही. काचेवरील धातूचा पातळ थर दाखवितो. घरच्या आरशात हा थर काचेमागे सुरक्षित असतो. अतिनील दुर्बिणीत मात्र तो दर्शनी बाजूसच द्यावा लागतो, कारण साधी काच हे किरण शोषून घेते.

मग धातू कोणता निवडावा? चांदीइतके लखलखीत काही नाही, ही समजूत दृश्य प्रकाशापुरती खरी आहे. चांदी त्यातील ९५ टक्क्यांहून अधिक भाग परतविते. परंतु तरंगलांबी ३२० नॅनोमीटरच्या आसपास येताच तीच चांदी शंभरातील जेमतेम काही किरण परतविते. सोने तर निळ्या रंगापाशीच हार मानते. म्हणून ते पिवळे दिसते. उरते आपल्या स्वयंपाकघरातले ॲल्युमिनियम. त्याची परावर्तनक्षमता अतिनील पट्ट्यातही खूप खोलवर टिकते.

अडचण निराळीच आहे. हवा लागताच ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चढू लागतो. जाडी अवघी दोन-तीन नॅनोमीटर! पातेल्याचे रक्षण करणारा हाच थर १७० नॅनोमीटरहून आखूड किरण गिळतो. शिवाय दुर्बिणीत प्रकाश दोन आरशांवरून परततो. प्रत्येकाने ९० टक्के परतविले तर ८१ टक्के हाती येतात. प्रत्येकाने निम्मेच परतविले तर केवळ २५.

तांब्याच्या भांड्यास कल्हई करतात, तसाच येथे उपाय. मात्र ही कल्हई अतिनील किरणांना पारदर्शक हवी. म्हणून निर्वात पात्रात ॲल्युमिनियमचा थर बसताच, हवा आत येऊ न देता, त्यावर मॅग्नेशियम फ्लोराइडचा मुलामा देतात.

२८ सप्टेंबर २०१५ रोजी अवकाशात गेलेल्या ‘ॲस्ट्रोसॅट’वरील ‘यूव्हीआयटी’ या जोडदुर्बिणीचे सुमारे ३७५ मिलीमीटर व्यासाचे आरसे असेच आहेत. बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या या कामात पुण्याची ‘आयुका’ आणि मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था सहभागी होत्या. यानातील पदार्थांतून निघणारी वाफ आरशांवर बसू नये, म्हणून उड्डाणानंतरही झाकणे सुमारे दोन महिने बंद ठेवली होती. एवढा धीर धरणे सोपे नसावे.

त्याच दुर्बिणीने १३० ते १८० नॅनोमीटरच्या पट्ट्यात ९३० कोटी प्रकाशवर्षे दूरच्या एका दीर्घिकेचे किरण टिपले. आयुकाचे कनक साहा व सहकाऱ्यांनी हा शोध २०२० मध्ये प्रसिद्ध केला. ते किरण निघाले तेव्हा आपली पृथ्वी निर्माणही झालेली नव्हती.