आपल्यात चालतं

॥ श्री ॥
नरसिंहराजा कॉलनी, बंगळूर

चि. निखिल यास अण्णाकाकाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर माझा आवाज चढतो आणि तू 'हो काका, हो काका' करून मोकळा होतोस, म्हणून लिहितोय. नंदा सांगत होती, मंजिरीच्या केळवणाला ओवाळायची वेळ आली तेव्हा तू सुमनकाकूला म्हणालास, "काकू, तुम्ही नको, आपल्यात चालत नाही." नंदा तिखटमीठ लावते हे मला ठाऊक आहे. पण हे खरं आहे का?

तुमचं ते शनिवारचं वाचनमंडळ, त्यातला बर्क आणि स्क्रूटन, याचं मला वावडं नाही. पिढ्यांनी बसवलेली घडी कुणा हुशार माणसाच्या तर्काखातर एका फटक्यात मोडू नये, हे बर्कने 1790 मध्ये फ्रान्सच्या क्रांतीवर लिहिताना मांडलं आणि मलाही पटतं. पण त्याच बर्कने त्याआधी दोन वर्षं वॉरन हेस्टिंग्जवर पार्लमेंटात खटला उभा केला, तो इथल्या लोकांवरच्या जुलमासाठी. तुमच्या मंडळात तेही वाचा.

आणि विलायतेला कशाला जायचं? तू टिळकांचं नाव घेतोस ना? 1891 च्या संमतिवयाच्या कायद्याला त्यांनी कडाडून विरोध केला. कायदा मागत होता काय, तर दहाचं वय बारा करा. टिळकांचं म्हणणं, परक्या सरकारने आमच्या घरात हात घालू नये. पण आदल्याच वर्षी त्यांनी सुधारकांपुढे काय ठेवलं होतं ते बघ. मुलीचं लग्न सोळाच्या आत नको, मुलाचं विसाच्या आत नको, हुंडा नको, विधवांचं केशवपन नको. ज्यांना सुधारणा हवी त्यांनी सह्या करून आधी स्वतःच्या घरी हे पाळावं. सरकारपेक्षा चार वर्षं पुढचं मागत होता हा सनातनी! (सगळीकडे ते असे वागले नाहीत. वेदोक्ताच्या वेळी शाहू महाराजांच्या विरुद्ध उभे राहिले ते मला आजही बोचतं.)

राजाजी तर आपल्या गावात शिकलेले, सेंट्रल कॉलेजचे. 1959 मध्ये त्यांनी स्वतंत्र पक्ष काढला, 1967 मध्ये 44 खासदारांनिशी तो लोकसभेतला सर्वांत मोठा विरोधी पक्ष झाला. जुन्या वळणाचा माणूस, रामायण-महाभारतावर जीव. पण 1939 मध्ये दलित मदुरेच्या मीनाक्षी मंदिरात गेले, तेव्हा त्यांना आत नेणाऱ्यांवर खटले होऊ नयेत म्हणून कायदा केला तो मद्रासच्या सरकारचे प्रमुख असलेल्या राजाजींनीच. त्यांना कुणी 'आपल्यात चालत नाही' सांगितलं नसेल का?

काकूला तू खरंच तसं म्हणालास का रे? तुझ्या बारावीच्या वर्षी रात्री अकराला उठून तुला गरम पोळी करून वाढणारी ती. तेव्हाही ती विधवाच होती.

आणि 'आपल्यात' म्हणजे कुणात? तुझे आजोबा, आपले आबा, दोन्ही वेळ संध्या करणारे. माझी आजी लाल आलवणात, माजघराच्या पलीकडे कधी आली नाही. तुझ्या मोठ्या आत्याच्या लग्नात आबांनी तिला हात धरून बाहेर आणलं आणि पहिलं निरांजन तिच्या हातात दिलं. भटजी कुरकुरले. आबा म्हणाले, "दक्षिणा वाढवून देतो, तुम्ही मंत्र म्हणा." आजीचा हात इतका थरथरत होता की ताम्हनातली सुपारी खाली पडली, ती मी उचलून दिली. घरची परंपरा मोजायची तर इथून मोज.

तुला रागावतोय खरा, पण तुझ्या वयात मी दुसऱ्या टोकाला होतो. आबा मोडी शिकवायला बसवत आणि मी 'मेलेली लिपी' म्हणून उठून जाई. त्यांचे दोन रुमाल कपाटात आहेत. देण्याघेण्याचे कागद असतील, कदाचित पत्रंही असतील. मला अक्षर लागत नाही. तेव्हा तुला जुन्याची ओढ लागली याचा आम्हा दोघांना, मला आणि तुझ्या काकीला, आनंदच आहे. घरात कुणीतरी विचारणारं उरलं.

आमच्या गल्लीजवळ गोखले इन्स्टिट्यूट आहे. कोतळूकच्या गोपाळरावांच्या नावाने डी. व्ही. गुंडप्पांनी ती 1945 मध्ये काढली. एकदा तुझ्या मंडळाला घेऊन ये, मग घरी जेवायला या. किती जण ते आदल्या दिवशी कळव, व्हाइटफील्डहून निघाल्यावर नको.

काकूला मी काही बोललो नाही. तूच फोन कर. माफीबिफी राहू दे, तिला ते अवघड होईल. मंजिरीच्या साखरपुड्याला कोणती साडी नेसणार ते विचार आणि नसेल तर घेऊन दे. पैसे कमी पडले तर मला सांग, नंदाला नको.

खोकला गेला का? रात्री दही खाऊ नकोस.

तुझा,
अण्णाकाका