कर्कपेशी आपली मर्यादा कशी ओलांडते

भिलाई नगर पोलादाच्या कारखान्याभोवती वसले. तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. झोतभट्टीच्या पोटात लोखंडाचा तप्त रस असतो, बाहेर पोलादाचे कवच असते आणि या दोहोंच्या मध्ये अग्निविटांचे जाड अस्तर असते. अस्तर शाबूत आहे तोवर रस आपल्या जागी राहतो. ते भेदले गेले की अनर्थ ओढवतो. मनुष्याच्या देहातही अशी अस्तरे आहेत. कर्करोग प्राणघातक का होतो, हे समजण्यासाठी प्रथम त्यांची रचना पाहिली पाहिजे.

गालाच्या आतील बाजूचेच उदाहरण घेऊ. जिभेला जो मऊ, ओलसर पृष्ठभाग लागतो तो अधिस्तर होय. त्यात चपट्या पेशी थरावर थर अशा रचलेल्या असतात. तळाच्या पेशी विभागतात, त्यांची संतती वर सरकते आणि शेवटी झडून जाते. या सर्वांच्या खाली केसाहून शेकडो पटींनी पातळ असे एक पटल पसरलेले असते. त्यास आधारपटल म्हणतात. कोलॅजेन व लॅमिनिन या प्रथिनांच्या धाग्यांनी ते विणलेले असते. रक्तवाहिन्या व लसीकावाहिन्या या पटलाच्या खाली असतात, वर नसतात. म्हणून विकृत झालेल्या पेशी जोवर पटलाच्या वर आहेत, तोवर त्यांची संख्या कितीही वाढली तरी त्यांना दूरदेशी जाण्यास वाट नसते.

छत्तीसगडात गालाचा व हिरड्यांचा हा अधिस्तर विशेष संकटात असतो. तंबाखू आणि काकवी यांपासून केलेली गुडाखू येथे दात घासण्याच्या निमित्ताने वापरली जाते. तिची सवय जडली की ती दिवसातून अनेकदा तोंडात जाते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत या राज्यातील प्रौढांपैकी सुमारे ३९ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखूचे सेवन करताना आढळले. तंबाखूतील नायट्रोसामाइन द्रव्ये पेशीच्या आनुवंशिक द्रव्यात बिघाड करतात. हे बिघाड वर्षानुवर्षे साठत जातात. तोंडात पांढरा चट्टा उमटतो. प्रत्येक चट्ट्याचा कर्करोग होत नाही, परंतु कोणता होईल हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही.

आता भेद कसा होतो ते पाहू. निरोगी अधिस्तरातील पेशी ई-कॅढेरिन नावाच्या प्रथिनाने एकमेकींचे हात धरून असतात. कर्कपेशीत हे प्रथिन पुष्कळदा कमी होते आणि पकड सैल पडते. मग पेशी आधारपटलास टेकलेल्या बाजूने बारीक अंकुर काढते व त्यांच्या टोकाशी प्रथिने तोडणारी एंझाइमे सोडते. ही एंझाइमे कर्करोगाने नव्याने घडविलेली नव्हेत. १९६२ साली जेरोम ग्रॉस व शार्ल लापिएर यांना कोलॅजेन तोडणारे असे पहिले एंझाइम सापडले ते बेडकाच्या पिलात! पिलू मोठे होताना त्याची शेपूट विरघळून जाते, ती याच साधनाने. आपली जखम भरून येतानाही हीच कात्री वापरात असते. मात्र काम झाले की शरीर ती मिटवून ठेवते. कर्कपेशीच्या हाती ती उघडीच राहते.

येथे भट्टीचा दृष्टांत अपुरा पडतो, हे मान्य केले पाहिजे. तप्त रस स्वतः चालत नाही, कर्कपेशी चालते. शिवाय अस्तराची वीट शत्रूला सामील होत नाही, पण पटलाखालील संयोजी ऊतकातील तंतुपेशी मात्र कर्कपेशींच्या संदेशांनी फिततात, एंझाइमे पुरवितात व वाट रुंद करून देतात. तोंडाच्या कर्करोगात पेशी सहसा एकेकट्या जात नाहीत. त्यांचे पुंजके व दोर खाली उतरतात.

खाली उतरल्यावर प्रथम भेटतात त्या लसीकावाहिन्या. त्यांच्या भिंती अतिशय नाजूक असून त्यांना अखंड आधारपटल नसते, म्हणून प्रवेश सुलभ होतो. लसीकेच्या प्रवाहाबरोबर पेशी जबड्याखालील व मानेतील ग्रंथींत पोहोचतात. रक्तात शिरलेल्या पेशींपैकी बहुतेक मरून जातात. ज्या तगतात त्या वाटेल तेथे रुजत नाहीत. १८८९ मध्ये इंग्लंडच्या स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कर्करोगाने मरण पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासून असे प्रतिपादिले की, बीजाला अनुकूल भूमी लागते. ही कल्पना आजही टिकून आहे.

या विषयाचा आपल्याकडील अभ्यास मराठी माणसांच्या हातून सुरू झाला, ही गोष्ट वाचकांस ठाऊक असावी. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये उघडले. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ साली तोंडाच्या कर्करोगाच्या ओळीने एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांच्या शिष्या, पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे यांनी पेशी शरीराबाहेर वाढविण्याची प्रयोगशाळा मुंबईत उभारली.

त्याच रुग्णालयात पुढे एका जुन्या वादाचा निकाल लागला. तोंडातील अर्बुद लहान आहे, मानेत गाठ हाताला लागत नाही. अशा वेळी मानेतील ग्रंथी आधीच काढाव्यात, की गाठ दिसेपर्यंत थांबावे? थांबले तर अनेकांची मोठी शस्त्रक्रिया टळते. पण न दिसणाऱ्या पेशी तेथे आधीच पोहोचल्या असतील तर? डॉ. अनिल डिक्रूझ व सहकाऱ्यांनी २००४ ते २०१४ या काळात रुग्णांचे चिठ्ठी टाकावी तसे दोन गट केले. २०१५ मध्ये पहिल्या ५०० रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: ग्रंथी आधीच काढलेल्यांपैकी ८० टक्के, तर थांबलेल्यांपैकी ६७.५ टक्के रुग्ण तीन वर्षांनंतर हयात होते.

अर्बुद किती रुंद आहे यापेक्षा ते किती खोल उतरले आहे, याला आता शल्यविशारद अधिक महत्त्व देतात. २०१८ पासून रूढ झालेल्या श्रेणीविभागणीत ही खोली शेजारच्या निरोगी आधारपटलाच्या पातळीपासून, गवंड्याने ओळंबा सोडावा तशी, सरळ खाली मोजली जाते. ती ५ मिलिमीटरहून अधिक भरली, तर दोन सेंटिमीटरांहून लहान अर्बुदही पहिल्या श्रेणीतून दुसऱ्या श्रेणीत जाते.