झुरळ किती दिवस जगते? आणि ते इतके चिवट का?



आपल्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर गावी परततात. कित्येक घरांना पाच-सहा महिने कुलूप असते. चूल बंद, भांडी पालथी. तरी कुलूप काढून दिवा लावला की भिंतीवरून झुरळे सरसर पळतात! घरात कोणी नसताना ही जगली कशी? चला, समजून घेऊया.

झुरळाचे आयुष्य

आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकारची झुरळे दिसतात. न्हाणीत, गटारात दिसणारे तांबूस, मोठे झुरळ म्हणजे अमेरिकन झुरळ. ते साधारण ३५ ते ४० मिलिमीटर लांब असते. पिल्लाचे प्रौढ व्हायला त्याला सहा महिने ते वर्षभर लागते आणि त्यानंतर ते साधारण एक वर्ष जगते.

स्वयंपाकघरातले छोटे, पाठीवर दोन काळ्या पट्ट्या असलेले झुरळ म्हणजे जर्मन झुरळ. हे दोन-तीन महिन्यांत मोठे होते आणि पुढे चार-सहा महिने जगते. नाव जर्मन असले तरी ते मूळचे तिकडचे नाही बरं का! २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार सुमारे २१०० वर्षांपूर्वी ते भारत किंवा म्यानमारच्या भागातील एका रानझुरळापासून तयार झाले.

म्हणजे झुरळाचे आयुष्य काही फार मोठे नाही. मग ते टिकते कशामुळे?

टिकून राहण्याची कारणे

१. गरजा कमी : मोठे झुरळ अन्नपाण्याशिवाय साधारण महिनाभर आणि नुसत्या पाण्यावर दोन-तीन महिनेही तग धरू शकते. छोटे झुरळ मात्र पाणी नसेल तर दोन आठवड्यांच्या आसपास मरते.

२. काहीही खाते : पीठ, साबण, पुस्तकाचा डिंक, कागद, टाकलेली कात, एवढेच काय, मेलेले झुरळसुद्धा! त्याच्या शरीरातील जिवाणू टाकाऊ युरिक आम्लापासूनही त्याला उपयोगी पोषकद्रव्ये बनवून देतात.

३. श्वास अंगावरच्या छिद्रांतून : त्याच्या शरीराच्या दोन्ही बाजूंना मिळून छिद्रांच्या दहा जोड्या असतात. म्हणूनच डोके तुटले तरी ते काही दिवस जिवंत राहते. शेवटी मरते ते पाणी पिता येत नाही म्हणून.

४. चपटे शरीर, सावध शेपटी : मागच्या टोकाच्या दोन केसाळ काट्यांना हवेची हालचाल लगेच कळते. आपली चप्पल पडेपर्यंत ते फटीत गेलेले असते.

५. भरपूर पिल्ले : छोट्या झुरळाच्या एका अंडपेटीत ३० ते ४० अंडी असतात.

आता बंद घराचा हिशोब करू

एका पेटीतून ३० पिल्ले निघाली, त्यात १५ माद्या धरा. प्रत्येकीने एकच पेटी दिली तरी १५ × ३० = ४५० पिल्ले! अंडे ते प्रौढ हा प्रवास साधारण तीन महिन्यांचा, म्हणजे ऊसतोडीच्या हंगामात दोन पिढ्या सहज होतात. सगळी जगत नाहीत, पण सांडलेले पीठ आणि तळाशी पाणी असलेला एक ड्रम मिळाला तरी पुष्कळ जगतात. थोडक्यात, एक झुरळ फार काळ टिकत नाही, त्याची पिढी टिकते.

याची काळजी का करायची?

झुरळ संडास-गटारातून थेट भाकरीच्या दुरडीवर येते. त्याच्या पायांवरून जुलाब, हगवण, अन्नविषबाधेचे जंतू पसरू शकतात. त्याची विष्ठा आणि कात यांमुळे लहान मुलांचा दमा वाढतो.

म्हणून काही जण कपाशीवर फवारायचे औषध घरातच मारतात. असे कधीही करू नका. ते विष भांड्यांवर, धान्यावर बसते आणि जिवावर बेतू शकते. शिवाय झुरळेही औषधाला सरावतात. अमेरिकेत गोड आमिषातून विष दिले जात होते, तेव्हा काही झुरळांनी ती साखरच खाणे सोडले! ही गोष्ट १९९३ साली संशोधकांनी मांडली.

मग उपाय काय?

- गावाला जाण्याआधी ड्रम, बादल्या रिकाम्या करून पालथ्या घाला, न्हाणी कोरडी करा.
- पीठ-धान्य घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.
- भिंतीच्या फटी सिमेंटने बुजवा, न्हाणीच्या नळीला जाळी लावा.
- रद्दी आणि पुठ्ठ्याची खोकी साठवू नका.
- रात्री उष्टी भांडी ठेवू नका.

झुरळाला मारण्यापेक्षा त्याचे पाणी तोडणे जास्त कामाचे!

करून पहा : काचेच्या बरणीत केळ्याची साल ठेवा. आतल्या काठाला व्हॅसलीन लावा आणि बाहेरून फडके गुंडाळा. ती रात्रभर न्हाणीजवळ ठेवा. सकाळी झुरळांना हात न लावता मोजा आणि वहीत लिहा. वरील उपाय आठवडाभर करा आणि पुन्हा मोजा. काय फरक पडला?

स्वाध्याय
१. डोके तुटलेले झुरळ लगेच का मरत नाही?
२. छोटे झुरळ पाण्याजवळच का राहते?
३. घरात शेतीचे औषध फवारणे धोक्याचे का आहे? घरच्यांना समजावून सांगा.