मानद की पगारी? स्की पेट्रोलमध्ये जाण्यापूर्वी

आपल्या मंडळातील अनेक कुटुंबांतील मुले-मुली आज कोलोरॅडो, युटा, व्हरमाँट अशा बर्फाळ डोंगरांच्या सान्निध्यात राहतात. हिवाळ्यात ती स्कीइंग शिकतात, हळूहळू त्यात तरबेज होतात, आणि मग काहींच्या मनात ‘स्की पेट्रोल’मध्ये दाखल होण्याचा विचार येतो. स्की पेट्रोल म्हणजे बर्फाच्या उतारांवर गस्त घालणारे आणि जखमींना प्रथमोपचार देऊन खाली आणणारे पथक. त्यात स्वयंसेवकही असतात आणि पगारी कर्मचारीही. ह्यांपैकी कोणता मार्ग स्वीकारावा, किंबहुना मुळात जावे की नाही, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. रुग्णालयांतील मानद आणि पगारी डॉक्टर ह्या दोन्ही परंपरा जवळून पाहिलेल्या आपल्यासारख्यांना हा प्रश्न अगदीच परका नाही.

पार्श्वभूमी

१९३६ च्या नववर्षाच्या सुमारास चार्ल्स मिनॉट डोल हे विमा व्यवसायातील गृहस्थ व्हरमाँटमधील स्टो येथे स्कीइंग करताना पडले व त्यांचा घोटा मोडला. उतारावर मदतीची काहीच व्यवस्था नव्हती. अखेर छपराच्या पत्र्याच्या एका तुकड्यावर घालून त्यांना खाली ओढत आणावे लागले. त्या दिवशी सोबत असलेले त्यांचे मित्र फ्रँक एडसन त्याच वर्षी एका स्की शर्यतीतील अपघातात मृत्युमुखी पडले. डोल ह्यांनी अशा अपघातांचा पद्धतशीर अभ्यास हाती घेतला आणि त्यातूनच १९३८ मध्ये अमेरिकेतील ‘नॅशनल स्की पेट्रोल’ उभे राहिले. आज तिचे तीस हजारांहून अधिक सभासद आहेत व त्यांतील बहुसंख्य विनावेतन काम करतात. कॅनडातील अशाच संघटनेची स्थापना १९४१ मध्ये डॉ. डग्लस फर्थ ह्या वैद्यकीय व्यावसायिकाने केली.

कामाचे स्वरूप

बाहेरून पाहणाऱ्यास ह्या कामातील डौलच दिसतो. प्रत्यक्षात दिवस लिफ्ट सुरू होण्यापूर्वीच उजाडतो. उतार तपासणे, दोर बांधणे, धोक्याच्या पाट्या लावणे आणि दिवसअखेर डोंगरावर कोणी मागे राहिले नाही ना हे पाहणे, ह्यांतच बराच वेळ जातो. जेथे हिमस्खलनाचा धोका असतो, तेथे पहाटे स्फोटके लावून सैल बर्फ आधीच पाडून टाकावा लागतो. हे काम प्रायः पगारी, विशेष प्रशिक्षित मंडळींकडे असते.

दुखापतींत गुडघ्याचे अस्थिबंध तुटणे, स्नोबोर्ड वापरणाऱ्यांत मनगटाचा अस्थिभंग आणि डोक्याला मार ह्या नेहमीच्या होत. बालरोगतज्ज्ञ म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. लहान मुलाच्या शरीराचे पृष्ठफळ त्याच्या वजनाच्या मानाने अधिक असल्यामुळे ते मोठ्यांपेक्षा फार लवकर गारठते. म्हणून पाय मोडलेल्या मुलाला खपाची बांधण्याइतकेच त्याच्या अंगाखाली व अंगावर उबदार आच्छादन घालणे महत्त्वाचे असते.

हिमस्खलनात पूर्णतः गाडल्या गेलेल्या व्यक्तीस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढल्यास ती वाचण्याची शक्यता बरीच असते. अर्ध्या तासानंतर ती फारच घटते. दूरच्या रुग्णालयापेक्षा जवळचे पथक मोलाचे ठरते ते ह्यामुळेच. उलट, श्वास न कोंडता आधी देह गारठला असेल, तर मृत्यू घोषित करण्याची घाई करू नये, हाही धडा बर्फानेच दिला आहे. १९९९ मध्ये नॉर्वेत स्कीइंग करताना अॅना बोगेनहोम ही तरुण डॉक्टर गोठलेल्या ओढ्याच्या बर्फाखाली सुमारे ऐंशी मिनिटे अडकली. तिच्या शरीराचे तापमान १३.७ अंश सेल्सियसपर्यंत उतरले होते. तिला बाहेर काढल्यापासून पुनरुज्जीवनाचे प्रयत्न अखंड चालू राहिले. ती वाचली आणि पुढे आपल्या व्यवसायात परतली.

पदवी पुरेशी आहे काय?

डॉक्टरांना असे वाटणे स्वाभाविक आहे की, आपल्याला वेगळे शिकण्याची गरज नाही. वस्तुतः दवाखान्यातील ऊब, उजेड आणि हाताखालची परिचारिका ह्यांपैकी तेथे काहीही नसते. हातमोजे काढले की बोटे बधिर होतात. जखमीला टोबोगन ह्या घसरगाडीवर बांधून तीव्र उतारावरून सुरक्षित खाली आणणे हे कौशल्य कोणत्याही वैद्यकीय महाविद्यालयात शिकवले जात नाही. पथकात येणाऱ्यांना ‘आउटडोअर इमर्जन्सी केअर’ हा ऐंशी-शंभर तासांच्या घरातील अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो व दरवर्षी उजळणी करावी लागते. वैद्यकीय शिक्षण झालेल्यांना अभ्यासक्रमात सवलत मिळू शकते; कौशल्याची परीक्षा मात्र चुकत नाही.

मानद की पगारी?

स्वयंसेवकाला बहुधा ठरावीक दिवसांची हमी द्यावी लागते. सभासद शुल्क, साधने, प्रवास असा खर्चही त्यालाच करावा लागतो; मोबदल्यात लिफ्टचा पास व काही सवलती मिळतात. पगारी कर्मचाऱ्याला हंगामभर आठवड्यातील चार-पाच दिवस डोंगरावर राहावे लागते. त्यामुळे त्याचा हात सरावाचा होतो. परंतु वेतन बेताचे आणि डोंगरी गावांतील घरभाडे भरमसाट. युटामधील पार्क सिटी येथील सुमारे दोनशे पगारी गस्तीकरांनी २७ डिसेंबर २०२४ पासून ८ जानेवारी २०२५ पर्यंत संप केला. सुरुवातीचे वेतन तासाला २१ डॉलरवरून २३ डॉलर व्हावे, ही त्यांची एक प्रमुख मागणी होती आणि ती मान्य झाली. तेव्हा स्वयंसेवकाने हेही पाहावे की, आपल्या विनामूल्य श्रमाने कोणाच्या पोटावर पाय तर येत नाही ना.

कायद्याची बाजू दुर्लक्षून चालणार नाही. अमेरिकेतील ‘गुड समॅरिटन’ कायदे राज्यागणिक भिन्न आहेत व त्यांचे संरक्षण मुख्यतः मोबदल्याविना मदत करणाऱ्यास असते. स्वतःच जखमी झाल्यास उपचारांचा खर्च कोण करणार, हे स्वयंसेवकाने लेखी विचारून घ्यावे. माझी भाची डेन्व्हरला एच-४ व्हिसावर असताना तिला हे काम करावेसे वाटले. स्वतंत्र परवान्यावाचून तिला पगारी नोकरी करता येत नव्हती. शिवाय मोफत पाससुद्धा मोबदला गणला जाऊ शकतो, हे तिला वकिलाला विचारल्यावरच कळले. अशा मुलांनी आधी सल्ला घ्यावा, मग अर्ज करावा.

निर्णय कसा घ्यावा?

उतारावर विव्हळत पडलेल्या माणसाला, येणारा गस्तीकर पगारी आहे की मानद, ह्याच्याशी कर्तव्य नसते. त्याला सरावलेला हात हवा असतो. आपल्या धर्मादाय रुग्णालयांतही तोच मानद डॉक्टर रुग्णांच्या स्मरणात राहिला, जो ठरल्या वारी ठरल्या वेळी न चुकता आला. म्हणून खरा प्रश्न पैशाचा नव्हे, दिवसांचा आहे. दरवर्षी किती दिवस डोंगरावर राहून सराव टिकवता येईल, हे कॅलेंडर समोर ठेवून प्रामाणिकपणे मोजावे. हंगामभर मोकळीक असेल आणि निर्वाहाची अन्य सोय असेल, तर पगारी काम विचारात घ्यावे. स्वतःचा व्यवसाय सांभाळून शनिवार-रविवार खात्रीने देता येत असतील, तर स्वयंसेवक व्हावे. एखाद्या हंगामात जेमतेम दोन-तीन दिवस निघणार असतील, तर गणवेशाचा मोह टाळावा. त्याऐवजी पुनरुज्जीवनाचे प्रशिक्षण घ्यावे, मुलांच्या डोक्यावर शिरस्त्राण चढवावे आणि बंद केलेल्या उताराचा दोर ओलांडू नये. गस्तीकरांचा भार हलका करणे हीदेखील त्यांच्या कामातील भागीदारीच होय.